कवड्याचं आवतन

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते आणि त्यातला पाचवा चालू होता. गुंजनचा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता, आणि त्या प्लास्टरवर फुलसावंगीतल्या निम्म्या पोरांनी आपापली नावं लिहून ठेवली होती. सगळ्यात मोठं नाव होतं कपिलचं. कपिल तिचा चुलत भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. नावाखाली त्यानं लिहिलं होतं, 'लवकर धाव.'

धावणं तर दूरच, ओसरीतल्या खाटेवरून खाली उतरायचं तरी आईला हाक मारावी लागे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारायची हौस अशी महागात पडली. पोरं शाळेत जात, नाल्यावर जात, आणि गुंजन खाटेवरून रस्ता पाही. संध्याकाळी मात्र आईचा फोन तिच्या हाती येई, आणि मग ती कपिल आणि शेजारच्या सुरभीबरोबर एका बेटावर जाई.

तो एक गेम होता. जहाज फुटून आपण बेटाला लागतो. हातात काही नसतं. लाकूड तोडायचं, गोडं पाणी शोधायचं, झोपडी बांधायची, आणि समुद्रातल्या शार्कपासून जीव वाचवायचा. तिघं आपापल्या फोनवरून एकाच बेटावर राहत. खरं म्हणजे आधी दोघंच राहत होते. गुंजनला त्यांनी घेतलंच नव्हतं; ती वेगळ्या बेटावर एकटीच खेळे. कपिल म्हणायचा, "तू हळू खेळते. तुयापायी आमी मरू."

त्यांनी तिला घेतलं ते कवड्यामुळे.

कवड्या म्हणजे त्या गेममधला एक शंख्या. म्हशीएवढा मोठा, पाठीवर गोल गोल वळत गेलेला राखाडी शंख, पुढं दोन बारीक डोळे आणि झुलीच्या गोंड्यांसारख्या लोंबत्या मिशा. शंख्या कोणाला चावत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. दगड मारला तर निमूट शंखात शिरतो आणि दगड मारणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत बाहेर येत नाही. बाकीचे खेळणारे त्याला मारून त्याच्या शंखाच्या ढाली करत.

"याले कायले पाळते?" कपिल हसला होता. "न चावते, न धावते. याच्यापेक्षा आपला उकिरडा बरा. त्याच्यातून गांडूळ तरी निघते."

पण गुंजनच्या मनात तो भरला होता. आणि तिच्याकडे एक वही होती, सत्यभामाबाईंनी दिलेली.

सत्यभामाबाई गावच्या शाळेतून निवृत्त झाल्या त्याला नऊ वर्षं झाली होती, पण गावात अजून 'बाई' म्हटलं की त्याच. गुंजनची शाळा बुडते म्हणून त्या रोज दुपारी यायच्या. अपूर्णांक शिकवायच्या, आणि अपूर्णांक संपले की विचारायच्या, "बरं, आज तुझ्या बेटावर काय झालं?" त्यांनी गेम कधी खेळला नव्हता, पण कोणी काही सांगू लागलं की त्या चष्मा काढून ऐकत. शंख्याचं ऐकल्यावर त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली.

"यात लिही. तुला काय वाटलं ते नको, तुला काय दिसलं ते लिही."

गुंजननं लिहिलं. पहिला दिवस: आला नाही. मी दोनदा हलली. दुसरा दिवस: आला, पण लांबूनच परत गेला. मी एकदा हलली (डास चावला). तिसरा दिवस: अजिबात हलली नाही. सूर्य बुडताना आला. हिरवं शेवाळ खाल्लं नाही. पट्टीसारखं तपकिरी असते ते खाल्लं.

न हलता बसणं फुलसावंगीत त्या वेळी गुंजनएवढं कोणालाच जमत नव्हतं. चौथ्या दिवशी शंख्यानं तिच्याकडून दोराचा पट्टा बांधून घेतला. तिनं त्याचं नाव कवड्या ठेवलं, कारण मामाकडे या नावाचा एक बैल होता आणि तोही असाच गरीब होता.

मग कळलं की शार्क शंख्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्यामागे तराफा बांधला तर तराफ्यालाही शिवत नाहीत. कपिल त्याच संध्याकाळी खाटेपाशी येऊन उभा राहिला. "गुंजे," तो प्लास्टरकडे पाहत म्हणाला, "तू आमच्यात ये." गुंजनला रात्री आनंदानं झोप येईना.

एकवीस दिवस कवड्यानं ओढलं. लहान बेटांवरून लाकडं, दगड, पाण्याची पिंपं. आता खऱ्या चार दिवसांनी गेममध्ये मोठं वादळ येणार होतं आणि बेट पाण्याखाली जाणार होतं. त्याआधी सगळं सामान तराफ्यावर घालून, कवड्याच्या मागे मागे, पलीकडच्या मोठ्या बेटावर जायचं, असं तिघांचं ठरलं होतं. आणखी एक ठरलं होतं. पोळ्याच्या दिवशी कपिल आणि सुरभी गुंजनला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली नेणार होते. पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच ओसरीबाहेर पडणार होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या बापानं, गोविंदानं, हिऱ्या आणि मोऱ्याचे खांदे शेकले. वाटीत तूप आणि हळद कालवून, पळसाच्या पानानं तो बैलांच्या खांद्यांवर चोळत होता. जिथं वर्षभर जू बसतं तिथं कातडी काळी आणि जाड झाली होती. तिथं त्याचा हात जास्त वेळ थांबे. मग तो दोघांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बाबा, उद्या दिवसभर जू नाही?" गुंजननं ओसरीतून विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. दरवर्षी ती विचारायची.

"उद्या त्यायच्या मानेवर काडी बी ठेवाची नाही, माय. वर्षभर वाह्यलं त्यायनं. तीनशे चौसष्ट दिवस आपले, एक दिवस त्यायचा."

गुंजननं हातातल्या फोनकडे पाहिलं. कवड्या किनाऱ्याशी उभा होता. एकवीस दिवसांचा पट्टा त्याच्या शंखाभोवती आवळलेला होता. तिला वाईट वाटलं. बैलांना कळतं तसं त्याला कळत नसेल, पण ओढलं तर त्यानंही होतं.

तिनं पट्टा काढला. बेटावरची लाल माती कालवून त्याच्या शंखावर बाशिंग काढलं. बोट घसरल्यानं ते एका बाजूला कललं, पण शोभत होतं. मग फोन तोंडाजवळ धरून ती हळूच म्हणाली, "कवड्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." फोन चार्जिंगला लावून ती निवांत झोपली.

सकाळी कपिल धापा टाकत आला. मागे सुरभी होती.

"गुंजे! कवड्या कुठी हाय?"

"किनाऱ्यावर."

"किनाऱ्यावर तुया पट्टा पडला हाय. नुसता पट्टा!"

गुंजननं फोन घेतला. किनारा रिकामा होता. वरच्या कोपऱ्यात एक ओळ आली होती: रात्रभर पट्टा न बांधलेलं जनावर पुन्हा रानटी झालं. हा नियम त्यांना माहीत नव्हता, कारण कामाच्या जनावराचा पट्टा काढायचं आजवर कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

"काहून काढला पट्टा?" कपिल ओरडला.

"पोळा हाय ना," गुंजन म्हणाली. आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"पोळा बैलाचा असते! गेममधल्या गोगलगायीचा असते का? तू ट्रॉलीवरून पायावर पडली का डोक्स्यावर?"

"कपिल, असं नको बोलू," सुरभी म्हणाली.

"मंग कसं बोलू? तीन दिवसांत वादळ येते. कवड्याबिगर दर्यात गेलो तर शार्क खाते, नाही गेलो तर बुडतो. महिनाभराची मेहनत गेली पाण्यात." तो ओसरीच्या पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, "म्हणूनच म्हणत होतो, हिले घेऊ नका. आता तुयी खुर्ची तूच उचल. मी येत नाही."

सुरभी ओढणीचं टोक पिळत मागे राहिली. "मी एकटीनं कशी उचलू वं, गुंजन?" असं म्हणून तीही गेली.

गल्लीतून धुतलेले बैल नाल्यावरून परत येत होते. चुलीवर पुरण शिजत होतं. गुंजन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईनं दोनदा विचारलं, "पाय दुखते का?" तिनं दोनदा मान हलवली. पाय दुखत नव्हता. प्लास्टरवरचं 'लवकर धाव' मात्र तिनं चादरीनं झाकून टाकलं.

दुपारी बाई आल्या. हातात झाकलेली ताटली होती.

"आज अपूर्णांक नाही. म्हणजे आहे, पण गोड आहे," त्या खाटेच्या कडेवर बसत म्हणाल्या. "एका पोळीचे आठ भाग केलेत. तू तीन खाल्लेस तर माझ्यासाठी किती?"

गुंजन रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. ताटली बाजूला ठेवली, चष्मा काढला. हळूहळू सगळं बाहेर आलं: पट्टा, बाशिंग, कपिल, खुर्ची. शेवटी गुंजन म्हणाली, "मी भल्ली येडी हाय, बाई. गेममध्ये कोणी पोळा करते का?"

"ते राहू दे. मला एक सांग, आवतन दिलंस?"

"हाव."

"कशाचं?"

"जेवणाचं."

"कधीच्या जेवणाचं?"

"उद्याच्या. म्हणजे आजच्या."

"मग आज त्याचं पान वाढलंस?"

गुंजननं डोळे पुसले. पान कुठलं? सकाळपासून ती रडतच होती. किनाऱ्यावर शेवाळाचं एक पातंसुद्धा तिनं ठेवलं नव्हतं.

"पाहुण्याला बोलवायचं, चूल पेटवायची नाही, आणि पाहुणा आला नाही म्हणून रडायचं," बाई म्हणाल्या. "अशी रीत मी तरी पाहिली नाही, बाप्पा. वही कुठंय?"

वही उशीखाली होती. गुंजननं पहिलं पान काढलं आणि बोटानं एकेक ओळ वाचली. तपकिरी शेवाळ. सूर्य बुडताना. हललं नाही तर येतो. वाचता वाचता तिचं रडणं थांबलं आणि कपाळावर आठी पडली.

"बाई, कपिल सकाळपासून तराफा घेऊन त्याले ढुंढून राह्यला असन."

"असेल."

"मंग तो कसा येईन?"

बाई उठल्या. त्या ओसरीच्या टोकाशी गेल्या आणि गल्लीत डोकावून हाक मारली, "सुरभे! जरा कपिलला म्हणावं, बाईंनी बोलावलंय."

बाईंनी बोलावलं की न येणं गावात कोणाला जमत नसे. कपिलला तर त्यांनी पहिलीत पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं होतं. तो आला, पण दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"तीन चकरा मारल्या, बाई, पुऱ्या बेटाभोवती. एक शंख्या दिसन तर शपथ."

"मोठा तराफा?"

"मोठा. शीड बी लावलं. भल्ला जोरात जाते."

"हे मोठ्यानं वाच," बाईंनी वही पुढं केली.

कपिलनं वाचलं. डासाच्या ओळीपाशी सुरभी खुदकन हसली. पुढची ओळ वाचून कपिलचा आवाज उतरला. वही त्यानं नीट मिटून परत दिली.

"म्हणजे मीच हाकलले सगळे," तो म्हणाला.

"गेममधला एक दिवस किती वेळाचा?"

"चाळीस मिनिटाचा."

"तुला चाळीस मिनिटं बसता येईल?"

"याले?" सुरभी म्हणाली. "बाई, हा जेवतानी बी दोनदा उठते."

बेटावरची सकाळ उगवताच तिघांनी किनाऱ्यालगतचं तपकिरी शेवाळ कापलं, त्याचे तीन ढीग केले, आणि आपापली गेममधली माणसं उथळ पाण्यात बसवली. मग तिन्ही फोन खाटेवर ओळीनं ठेवले. बाईंनी पिशवीतून अपूर्णांकांचे चिंचोके काढले. दर मिनिटाला एक चिंचोका त्या गुंजनच्या प्लास्टरवर ठेवत गेल्या.

सात चिंचोके झाले तेव्हा कपिलचं नाक खाजू लागलं.

"नाक खाजवलं तर चालते का? नाक गेममध्ये नाही ना."

"हात फोनवर पडला तर?" गुंजन म्हणाली. "मले डास चावलता अन् मी हलली, तर तो लांबूनच परत गेलता. दुसऱ्या दिवशी."

कपिलनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. गल्लीत घुंगरमाळा वाजू लागल्या. कोणाच्या तरी बैलाला झूल मोठी झाली म्हणून भांडण चाललं होतं. अंगणात गोविंदा मोऱ्याची शिंगं रंगवत होता. एरवी कपिल केव्हाच तिकडे पळाला असता. आज त्यानं मानही वळवली नाही. गुंजन पडद्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त पाहत होती. तिच्या पाच आठवड्यांत काय होतं ते त्याला या चाळीस मिनिटांत थोडंसं कळत असावं, असं तिला वाटलं, आणि तिचा सकाळचा राग कुठं गेला ते तिला समजलं नाही.

बत्तिसाव्या चिंचोक्याला बेटावरचा सूर्य तांबडा झाला. पाण्यातून एक शंख वर आला. मग चार. मग नऊ. सगळे राखाडी.

"ह्याच्यात नाही," कपिल ओठ न हलवता पुटपुटला.

"चूप," सुरभी म्हणाली.

सदतीस. अडतीस. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांत हळू, एक शंख्या आला. त्याच्या शंखावर लाल मातीचं बाशिंग होतं, एका बाजूला कललेलं.

गुंजनच्या घशातून आवाज आला, पण ती हलली नाही. कवड्या तिच्या माणसापाशी येऊन थांबला. गोंड्यांसारख्या मिशा त्यानं शेवाळाच्या ढिगात घातल्या.

"पट्टा टाक," कपिल कुजबुजला. "गुंजे, पट्टा टाक लवकर!"

"जेवू दे त्याले."

कवड्यानं पहिला ढीग संपवला, मग दुसरा. तिसरा ढीग कपिलसमोर होता. तिथंही तो गेला आणि कपिलच्या माणसाच्या पायाशी सावकाश खात राहिला. कपिल पडद्याकडे एकटक पाहत होता.

"आता टाक," तो म्हणाला. या वेळी आवाजात घाई नव्हती.

गुंजननं बाईंकडे पाहिलं. बाई चिंचोके गोळा करत होत्या. हा निर्णय आपला नाही, असं त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

"आज नाही," गुंजन म्हणाली. "आज पोळा हाय. उद्या सकाळी टाकीन."

"अन् रातच्याला पुन्हा गेला तर?"

वादळाला तीन दिवस होते. अंगणातल्या मोऱ्याच्या मोकळ्या मानेकडे कपिलनं एकदा पाहिलं.

"गेला तर उद्या पुन्हा बसू," तो म्हणाला. "मी नाक बी खाजवणार नाही."

मग तो उठला, आणि आतून लाकडी खुर्ची काढून आणली.

खुर्ची जड होती. प्लास्टर त्याहून जड. सुरभी एका बाजूला, कपिल एका बाजूला, आणि मध्ये गुंजन मांडीवर वही घेऊन. वाटेत कपिल तीनदा म्हणाला, "पाच हप्त्यात किती पुरणपोळ्या खाल्ल्या वं तू?" आणि तीनदा सुरभी म्हणाली, "चूपचाप उचल." तोरणाखाली गावचे सगळे बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, कपाळी बाशिंगं. गुंजनला वाटलं, एवढं आभाळ आपण पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. झडत्या, म्हणजे बैलांवर रचलेल्या दोन-दोन ओळी, सुरू झाल्या तेव्हा कपिलनंही गर्दीतून एक ठोकून दिली:

"पाठीवर घर अन् पोटात माया,
आवतनाले आला आमचा कवड्या राया!"

कवड्या कोणाचा बैल, ते कोणालाच कळलं नाही. तरी सगळ्यांनी जोरात गजर केला.

अंधारून येताना बैल घरी आले. आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. गोविंदानं हळदीकुंकवाचा हात त्यांच्या कपाळांना लावला, खांद्यावर डोकं टेकलं आणि तसाच ओसरीवर आला.

"काय म्हणते तुया बैल? कपिलनं सांगितलं मले."

गुंजननं भीत भीत फोन दाखवला. बाबा हसतील असं तिला वाटत होतं. किनाऱ्यावर, रिकाम्या पट्ट्याच्या शेजारी, कवड्या शंखात शिरून झोपला होता.

गोविंदा वाकून बराच वेळ पाहत राहिला. "किती दिवस वाह्यलं यानं?"

"एकवीस."

"अन् तू बसून होती तवा तुले हिंडवलं बी यानंच."

"हाव."

त्यानं अंगठा कवड्याच्या शंखावर टेकला, तोच हात आपल्या कपाळाला लावला, आणि जेवायला आत गेला. काचेवर हळदीचा ठसा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास कपिल खाटेपाशी हजर होता. सुरभी डोळे चोळत मागून आली. गुंजननं फोन उघडला. हळदीच्या ठशाखाली नीट दिसत नव्हतं, म्हणून कपिलनं पुसायला बाही पुढं केली, आणि मग ती तशीच मागे घेतली.

"थांब," तो म्हणाला. "फोन जरा वाकडा कर. दिसते."

पिवळ्या ठशाच्या कडेशी दोन बारीक डोळे हलले. कवड्या पट्ट्यापाशीच होता. गुंजननं आधी त्याला शेवाळ वाढलं.